सिसिलीला, हवापालटासाठी

इ.स. 268 च्या सुमारास रोममध्ये एका माणसाच्या घरी त्याचा गुरू न सांगता येऊन उभा राहिला. माणसाचं नाव पॉर्फिरी, वय 34-35, मूळचा टायर गावचा, म्हणजे आजच्या लेबनॉनमधला. तो घराबाहेर पडत नव्हता. हे आयुष्य आता आपणच संपवावं, असं त्याच्या मनात घोळत होतं. गुरूच्या ते लक्षात आलं होतं. गुरू साठी ओलांडलेला, नजर अधू झालेली. त्याचं नाव प्लोटिनस.

पुढे काय झालं ते पॉर्फिरीनंच लिहून ठेवलंय, अगदी थोडक्यात. प्लोटिनस त्याला म्हणाला, की ही मरणाची ओढ तुझ्या विचारातून आलेली नाही, हा खिन्नतेचा विकार आहे; तू काही दिवस इथून निघून जा. पॉर्फिरीनं ऐकलं. सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला लिलिबेअम नावाचं गाव आहे, आजचं मार्साला. तिथं प्रोबस नावाचा एक नावाजलेला गृहस्थ राहतो असं त्याच्या कानावर होतं. तो तिकडे गेला आणि वाचला.

आपल्या आजीनं हेच सांगितलं असतं: हवापालट कर. पाश्चात्त्य जगातल्या सगळ्यात उत्तुंग तत्त्वज्ञांपैकी एक माणूस, ज्याच्या विचारावर पुढे ख्रिस्ती, ज्यू आणि इस्लामी चिंतकांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, तो आपल्या शिष्याच्या दारात येतो आणि हवापालट सांगतो. मी हा प्रसंग वाचला आणि पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले. त्याला कारण होतं, ते पुढे येईलच. पण आधी त्या वर्षांत प्लोटिनसच्या वर्गात जो वाद पेटला होता तो सांगायला हवा, कारण माझ्या मते तो वाद आणि ही भेट एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत.

प्लोटिनसचा जन्म इ.स. 204-205 चा, इजिप्तमधला. 28 व्या वर्षी तो अलेक्झांड्रियात अम्मोनिअस सक्कास या गुरूकडे आला आणि 11 वर्षं राहिला. मग त्याला इराणी आणि भारतीय तत्त्वज्ञान शिकायची ओढ लागली. त्यासाठी तो सम्राट तिसऱ्या गॉर्डियनच्या इराणवरच्या स्वारीत सामील झाला. 244 मध्ये गॉर्डियन मेसोपोटेमियात मारला गेला, प्लोटिनस जीव वाचवून कसाबसा अँटिओकला पोचला आणि तिथून रोमला गेला. भारत राहून गेला. या ‘राहून गेला’पाशी मी दर वेळी अडखळते. त्याच्या आधीच्या दोन शतकांत इजिप्तच्या बंदरांतून निघालेली गलबतं आपल्या सोपाऱ्याला, कल्याणला, चौलला लागत होती; मिऱ्याची पोती तिकडे जात होती. माल पोचला, आणि ज्याला विचार हवा होता तो माणूस अर्ध्या वाटेवरून मागे फिरला.

रोममध्ये तो जेमिना नावाच्या बाईंच्या घरी राहायचा आणि शिकवायचा. शिकवण एका श्वासात सांगायची तर अशी: सगळ्याच्या मुळाशी ‘एक’ आहे. त्याला नाव नाही, रूप नाही. ‘आहे’ असंही त्याच्याबद्दल म्हणवत नाही. सूर्यापासून उजेड पसरावा तसं त्याच्यापासून बुद्धितत्त्व प्रकटतं, बुद्धितत्त्वापासून आत्मा, आणि आत्म्याच्या कुशीत हे जग. कुणी ठरवून, बैठक मारून, आराखडा काढून जग केलेलं नाही. आणि आपला जीव ज्या वाटेनं खाली आला त्याच वाटेनं परत वर जाऊ शकतो. हा विचार आपण नव्यानं मांडतोय असं त्याला वाटतच नव्हतं. आपण प्लेटोचा अर्थ सांगतोय, एवढंच त्याचं म्हणणं. ‘नवप्लेटोवाद’ हे नाव फार नंतरच्या अभ्यासकांनी दिलं.

त्याच वर्गात काही मंडळी अशी होती, की ज्यांच्याकडे वेगळेच ग्रंथ होते. त्यांना आज आपण ग्नोस्टिक म्हणतो. ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान. आपल्या ‘ज्ञा’ धातूचंच ते ग्रीक भावंड. त्यांचं म्हणणंही पहिल्या अर्ध्या भागात जवळजवळ हेच: वर एक अज्ञेय, अनाम तत्त्व, त्याच्यापासून खाली उतरत गेलेल्या पायऱ्या, आपला जीव वरचा, इथं अडकलेला. पण जगाशी आल्यावर वाट फुटते. ग्नोस्टिक कथांमध्ये सोफिया, म्हणजे प्रज्ञा, हिच्या हातून चूक घडते, ती ढळते आणि त्या चुकीतून एक अडाणी, गर्विष्ठ कारागीर जन्माला येतो. त्याला वरचं काही ठाऊकच नसतं. ‘माझ्याखेरीज दुसरा देव नाही’ असं तो गर्जतो आणि हे जग घडवतो. प्लेटोच्या ग्रंथातला जग घडवणारा कारागीर भला होता, त्याच्या मनात मत्सराचा लवलेश नव्हता. ग्नोस्टिकांनी तोच कारागीर घेतला आणि त्याला तुरुंगाधिकारी केलं.

पॉर्फिरीनं गुरूच्या चरित्राच्या 16 व्या प्रकरणात या ग्रंथांची नावंच दिली आहेत: झोरोआस्टर, झोस्ट्रियानोस, निकोथेओस, अलोगेनेस, मेसोस. प्लेटो परमार्थाच्या तळापर्यंत पोचलाच नव्हता, असं ही मंडळी म्हणायची. प्लोटिनसनं वर्गात त्यांचं पुन्हा पुन्हा खंडन केलं, एक प्रबंध लिहिला आणि बाकीचं शिष्यांवर सोपवलं. अमेलिअस या शिष्यानं एकट्या झोस्ट्रियानोसच्या विरोधात 40 खंड लिहिले! त्यातला एकही उरलेला नाही. झोरोआस्टरच्या नावावरचा ग्रंथ अलीकडे रचलेला आहे, प्राचीन नाही, हे पॉर्फिरीनं सिद्ध करून दाखवलं.

मग जवळपास सतरा शतकं ही नुसती नावंच होती. डिसेंबर 1945 मध्ये वरच्या इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ, जबल अल-तारिफ या कड्याच्या पायथ्याशी काही शेतकरी खताची माती खणत होते आणि त्यांना एक मोठा रांजण सापडला. आत जिन असेल म्हणून आधी फोडायची भीती वाटली आणि मग सोनं असेल म्हणून फोडला, असं ज्याला तो सापडला तो पुढे सांगायचा. आत चामड्याच्या वेष्टनातल्या पपायरसच्या पोथ्या निघाल्या. घरी आणल्यावर त्यातली काही पानं त्याच्या आईनं चुलीत घातली असंही सांगतात. जे वाचलं त्यात 13 पोथ्यांमधले 52 ग्रंथ होते, मूळ ग्रीकवरून कॉप्टिक भाषेत उतरवलेले, चौथ्या शतकात नकललेले. आठव्या पोथीत झोस्ट्रियानोस आणि अकराव्यात अलोगेनेस.

म्हणजे प्लोटिनसच्या वर्गात ज्यांच्यावरून आवाज चढले, ते ग्रंथ आज आपल्याला वाचता येतात. असं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा जिंकलेल्या बाजूचंच तेवढं उरतं आणि हरलेल्यांचं म्हणणं आपण जिंकलेल्यांच्या तोंडून ऐकतो. इथं मात्र दोन्ही पक्षांचे कागद टेबलावर आहेत.

आणि वाचल्यावर कळतं ते असं, की ही भांडणारी माणसं किती जवळची होती. झोस्ट्रियानोसमध्ये ख्रिस्ती असं जवळजवळ काही नाही. आहे तो प्लेटोच. वरच्या तत्त्वांची नावं कानाला विचित्र लागतात: बार्बेलो, आणि तिच्या पोटातले कालिप्टोस, प्रोटोफानेस, ऑटोगेनेस. पण त्यांचा अर्थ लावला तर ‘गुप्त’, ‘प्रथम प्रकटलेला’, ‘स्वयंभू’. बुद्धितत्त्व मुळात दडलेलं असतं, मग उजेडात येतं, मग स्वतःच्या पायावर उभं राहतं. त्याच या पायऱ्या. अस्तित्व, जीवन आणि बुद्धी हे त्रिक तिथंही आहे आणि नवप्लेटोवाद्यांमध्येही. अलोगेनेसमधलं परमतत्त्वाचं वर्णन तर ‘हे नव्हे, तेही नव्हे’ असं चालतं. आपल्याला ‘नेति नेति’ आठवल्याशिवाय राहत नाही. कुणी कुणाकडून घेतलं यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. मला स्वतःला तो प्रश्न फारसा ओढत नाही. एकाच घरात वाढलेल्या भावंडांमध्ये एखादा शब्द पहिल्यांदा कोण बोललं, हे कसं ठरवणार?

प्लोटिनसच्या प्रबंधात एक वाक्य आहे, त्यावर मी पेन्सिलीनं दोनदा रेघ मारली आहे. मध्येच थांबून तो म्हणतो, की आपल्या काही मित्रांबद्दल मला संकोच वाटतो. आपले मित्र होण्याआधी ते या विचारात सापडले आणि कसे कोण जाणे, अजून त्यातच आहेत. म्हणजे ते समोर बसलेले होते. तो परक्यांविरुद्ध लिहीत नव्हता. म्हणून तर त्या लिखाणात एवढी धग आहे. सूर्य-चंद्र-तारे यांना तुम्ही भाऊ म्हणायला तयार नाही, विश्वात्म्याला बहीण म्हणत नाही, आणि हलक्यात हलक्या माणसाला मात्र भाऊ म्हणता, असं तो त्यांना ऐकवतो. सद्गुणावाचून घेतलेलं देवाचं नाव हे नुसतं नाव आहे, असंही म्हणतो. मंत्र म्हणून आजार पळवता येतो हा दावा त्याला मुळीच मान्य नाही. आजाराला अतिश्रम, अतिखाणं, उपासमार, शरीरातला बिघाड अशी सरळ कारणं असतात, असं तो म्हणतो.

आणि मग त्या घराचा दृष्टान्त येतो. एका सुंदर घरात दोन माणसं राहतात. एक जण घराची बांधणी नावं ठेवण्याजोगी आहे म्हणतो, बांधणाऱ्याला शिव्या देतो, आणि तरीही तिथंच राहतो. दुसरा शिव्या देत नाही. बांधणाऱ्यानं मोठ्या कौशल्यानं बांधलंय म्हणतो, आणि जेव्हा घराची गरजच उरणार नाही त्या दिवसाची वाट पाहतो. पहिल्याला वाटतं, भिंती निर्जीव दगड-लाकडाच्या आहेत हे आपल्याला कळतं म्हणून आपण शहाणे. पण जायचं दोघांनाही आहे. प्लोटिनस जगाला चिकटलेला माणूस नव्हता, हे इथं विसरता कामा नये. देहात असण्याची त्याला लाज वाटायची, असं पॉर्फिरी चरित्राच्या पहिल्याच वाक्यात सांगतो. आईबापांचं नाव, जन्मगाव, काही सांगायचा नाही. चित्र काढून घ्यायला नकार दिला: निसर्गानं अंगावर घातलेली ही प्रतिमा वागवतोय तेवढं पुरे नाही का, वर प्रतिमेची प्रतिमा कशाला? असा माणूस जेव्हा जगाची बाजू घेतो तेव्हा ते ऐकावं लागतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी आधी ग्नोस्टिकांच्या बाजूची होते. आईच्या शेवटच्या चार महिन्यांत मी रुग्णालयाच्या एका खोलीत नळ्या मोजत बसले होते. जिनं उभ्या जन्मात कुणाला दुखवलं नाही, तिला गिळता येईना, बोलता येईना. हे सगळं कुणीतरी नीट न समजता बांधलंय असं त्या दिवसांत मला फार खोलवर वाटत होतं. ती गेल्यावर वर्षभर मी घरातच होते. बँकेतून निवृत्त झालेली होते, त्यामुळे कुणाला हिशेबही द्यायचा नव्हता. झोस्ट्रियानोस मी नंतर वाचला, पण त्याची सुरुवात मला आधीच पाठ होती असं म्हटलं तरी चालेल. झोस्ट्रियानोस प्रश्न विचारून विचारून थकतो, त्याला उत्तर मिळत नाही, आणि तो ठरवतो की वाळवंटात जाऊन हिंस्र श्वापदांच्या तोंडी स्वतःला द्यायचं. तेवढ्यात त्याच्यासमोर शाश्वत प्रकाशाच्या ज्ञानाचा दूत येऊन उभा राहतो. तो त्याला तेजाच्या ढगात बसवून वर नेतो. देह खाली पृथ्वीवर राहतो. तिथून पुढे पानामागून पान स्वर्गांचं, स्नानांचं, नावांचं. पोथीची ही पानं फार झिजली आहेत, कित्येक ओळींत दोनचार अक्षरंच उरली आहेत.

म्हणजे एका बाजूला वाळवंटात मरायला निघालेला माणूस आणि त्याच्यासमोर दूत. दुसऱ्या बाजूला रोममध्ये घरात बसलेला पॉर्फिरी आणि त्याच्यासमोर अधू नजरेचा म्हातारा गुरू. दोन्हीकडे निराशा तीच आहे, आणि दोन्हीकडे कुणीतरी येऊन उभं राहतं. एक जण म्हणतो, चल, तुला या जगातून वर नेतो. दुसरा म्हणतो, तुझी तब्येत बरी नाही, सिसिलीला जाऊन ये.

इथं एक गोष्ट मला फार दिवस छळत होती. त्याच ग्नोस्टिकविरोधी प्रबंधात प्लोटिनस कठोरही बोलतो. संपत्ती-दारिद्र्याची विषमता? शहाणा माणूस असल्या बाबतीत समानता शोधत नाही. कुणी अन्याय केला? अमर असलेल्याला त्यात भयंकर काय? आणि या जगाला दूषणंच द्यायची असतील, तर इथले नागरिक राहायची सक्ती कुणी केलेली नाही. मला ही वाक्यं पटत नाहीत. ती आजही टोचतात. जेव्हा ती लिहिली गेली तेव्हा साम्राज्यात साथीचा रोग थैमान घालून गेला होता, 260 मध्ये सम्राट व्हालेरियन इराण्यांच्या कैदेत पडला होता, सम्राट एकामागून एक मारले जात होते. अशा काळात ‘हे जग कुणीतरी बिघडवलंय’ असं म्हणणाऱ्याला दार दाखवणं सोपं आहे.

पण तो प्रबंध 263 ते 268 या पाच-सहा वर्षांतला, पॉर्फिरी रोममध्ये असतानाचा. म्हणजे ‘राहायची सक्ती नाही’ असं ज्या हातानं लिहिलं, जवळपास त्याच सुमारास त्या हातानं पॉर्फिरीचं दार ठोठावलं. खरोखरच एक माणूस जगातून निघायच्या बेतात होता, तेव्हा त्याला प्लोटिनसनं ते वाक्य ऐकवलं नाही. मला वाटतं, आपलं तत्त्वज्ञान त्यानं त्या दिवशी जास्त नीट सांगितलं. घर चांगलं आहे हे पॉर्फिरीला त्यानं पटवून दिलं नाही. त्याला दुसऱ्या गावी पाठवलं, समुद्राच्या काठी.

चरित्रात आणखी एक जागा आहे, ती माझ्यासारख्या 31 वर्षं खात्यांमध्ये घालवलेल्या बाईला दिसल्याशिवाय राहत नाही. रोममधले मोठमोठ्या घरांतले स्त्री-पुरुष मरणाच्या दारात असताना आपली मुलं आणि मालमत्ता प्लोटिनसच्या हवाली करत. त्याचं घर मुलामुलींनी भरलेलं असायचं. त्यातल्या पोटामोन नावाच्या मुलाचा तोच तोच धडा तो पुन्हा पुन्हा ऐकून घ्यायचा. मुलांच्या इस्टेटीचे हिशेब कारभारी घेऊन आले की शांतपणे ऐकायचा आणि ते चोख आहेत ना ते पाहायचा. म्हणायचा, ही मुलं जोवर तत्त्वज्ञानाकडे वळत नाहीत तोवर त्यांची मालमत्ता आणि उत्पन्न शाबूत राहिलं पाहिजे.

मायनर खात्यावर पालक म्हणून सही करणारे किती जण मी काउंटरवर पाहिले! मुलाच्या पैशाला हात लावण्यासाठी कारणं सांगणारे काका, आणि मुलाच्या चाळीस रुपयांच्या व्याजासाठी दोनदा खेटे घालणारी आजी. आपल्या सातबाऱ्यावर अशा पालकापुढे ‘अ.पा.क.’ लिहितात, अज्ञान पालनकर्ता. देहाची लाज वाटणारा, ‘एका’त विरघळून जाण्याचा अनुभव पॉर्फिरीच्या सहवासातल्या वर्षांत चार वेळा आलेला माणूस परक्या पोरांच्या हिशेबाची टॅली होते का ते बघत बसतो. ग्नोस्टिकांच्या प्रतिवादात त्यानं मोठमोठे युक्तिवाद केले. जीव मुळातच ढळला असेल तर तो वरच्या जगाची आठवण ठेवून हे जग कसा घडवील, आणि आठवण असेल तर तो ढळला असं कसं म्हणायचं, हा त्यातला सगळ्यात धारदार. पण मला उत्तर दिसतं ते त्या हिशेबात. ज्याला हे घर फालतू वाटतं, तो घरातल्या पोरांची खाती तपासत नाही.

ग्नोस्टिकांवर मी अन्याय करत नाही ना, असं वाटून झोस्ट्रियानोसचा शेवट मी पुन्हा काढला. तो वर कायमचा राहत नाही. तोही परत येतो, आपला देह पुन्हा अंगावर घेतो, आणि जे कळलं ते तीन पाट्यांवर लिहून मागून येणाऱ्यांसाठी ठेवतो. मग भरकटलेल्यांना उपदेश करतो: तुम्ही इथं सोसायला आलेला नाहीत, बेड्या तोडायला आला आहात. आई खाटेवर असताना हे वाक्य मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं. आजही त्याला खोटं म्हणायचं माझं धाडस नाही.

माझ्या दारात आली ती माझ्याबरोबर काउंटरला बसलेली मैत्रीण. रविवारी सकाळी, न कळवता. “दोन साड्या भर. बाकी तिकडे आहे सगळं.” दापोलीच्या अलीकडे तिच्या मावशींचं घर होतं. मी आठ दिवस राहिले. तिथं कुणी माझी समजूत घातली नाही. अंगणात सुपारी वाळत घातलेली असायची. दुपारी पायानं परतायची, आणि संध्याकाळी दंव पडायच्या आत टोपल्यांत भरून आत घ्यायची. चौथ्या दिवशी मावशी म्हणाल्या, “बाय, तेवढी आज तूच घे आत.” मी घेतली. सालींचा तो तुरट, किंचित आंबूस वास हाताला रात्रभर होता. त्या रात्री मला झोप लागली.

पॉर्फिरी सिसिलीत असताना प्लोटिनस त्याला नवे प्रबंध लिहून पाठवत राहिला. दैवी योजनेवर, दुरितावर, सुखावर. तिकडे रोममध्ये त्याची स्वतःची प्रकृती ढासळत होती. आवाज बसला, दिसेनासं झालं, हातापायांना जखमा झाल्या. मित्रांना जवळ घेऊन विचारपूस करायची त्याची सवय होती, म्हणून मित्र टाळायला लागले. शेवटी तो कॅम्पानियात झेथोस या दिवंगत मित्राच्या मळ्यावर जाऊन राहिला. 270 साली तिथंच तो गेला. वैद्य युस्तोकिअस जवळच्या गावाहून यायला उशीर झाला, तेव्हा तो म्हणाला, मी अजून तुझीच वाट बघतोय. आणि मग, आपल्यातला देव विश्वातल्या देवाकडे परत न्यायचा प्रयत्न करतोय, असं काहीसं. घर कोसळत असतानाही बांधणाऱ्याला त्यानं दूषण दिलं नाही.

पुढे 30 वर्षांनी, 301 च्या सुमारास, पॉर्फिरीनं गुरूचे सगळे 54 प्रबंध नऊ-नऊच्या सहा भागांत लावले आणि आधी चरित्र जोडलं. त्या चरित्रात ती पाच नावं आली, आणि ती आली म्हणून 1945 चा रांजण फुटल्यावर झोस्ट्रियानोस कोण ते ओळखता आलं. गुरूच्या अखेरच्या वेळी कोण कुठं होतं, याची नोंदही त्यानं केली आहे. अमेलिअस सीरियातल्या अपामियात, कास्त्रिकिअस रोममध्ये. स्वतःबद्दल एकच ओळ: मी तेव्हा लिलिबेअमला होतो.